पाचवं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — एका ठिकाणी अर्धं सांगितलंय, आणि त्या अर्ध्याबद्दल लोकांनी माझी पाठही थोपटली, पण ते पुढे येईल. पूर्ण कधीच नाही. बाबांना नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेलही. तसं असेल तर तसं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण नंतर ती सांगायला लाज वाटेल. मी सुखात आहे. त्रेचाळीस वर्षांची, उज्जैनच्या एका शाळेत गणित शिकवणारी, वडिलांबरोबर राहणारी बाई जेवढी सुखात असू शकते तेवढी — किंबहुना जरा जास्तच. रात्री झोप लागते, भूक लागते, मुलांनी वर्गमूळ चुकवलं की अजून राग येतो. पश्चात्तापानं खंगलेली बाई बघायची असेल, तर तुम्ही चुकीच्या दारात आलात. आणि माझ्या कबुलीतला एक भाग हाच आहे, की जे केलं ते करूनसुद्धा माझं छान चाललंय.

तर ही गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. हसा, हसून घ्या. माझ्या वयाची बाई आणि गेम — आमच्या स्टाफरूममध्येही सगळे असेच हसले होते. लहानपणी बाबांनी इंदौरहून एक स्वस्तातला गेम आणला होता, टीव्हीला जोडायचा. एक माणूस हातात कंदील घेऊन आठ मजल्यांचा बुरूज चढतो, एवढीच कथा. घरी आम्ही त्याला ‘कंदीलवाला’ म्हणायचो. मध्यंतरी शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या, तेव्हा माळा आवरताना तो डबा सापडला. जुना डबडा टीव्हीही होताच, बाबा काही टाकू देत नाहीत. जोडला, तर चालला! मग इंटरनेटवर सहज शोधलं, आणि कळलं की जगात हा गेम कमीत कमी वेळात संपवण्याची स्पर्धा लावणारी माणसं आहेत. साध्या माणसाला बुरूज चढायला तासभर लागतो. ही मंडळी सहा मिनिटांत वर.

याला स्पीडरन म्हणतात. आमचा गट फार मोठा नाही, तीसेक जण असू. ब्राझीलमधला एक बसचालक, पोलंडमधला एक ग्रंथपाल, कोइंबतूरची एक दंतवैद्य, असे. पण काय काटेकोर माणसं! कुठल्या पायरीवर उजवीकडे वळायचं, कुठे उडी अर्ध्या क्षणानं लवकर मारायची, यावर आठ-आठ दिवस चर्चा. मी तर हरखूनच गेले. गणिताच्या चौकटीच्या वहीत प्रत्येक मजल्याचा नकाशा काढला, प्रत्येक वाटेची सेकंदं मोजली. याला ते ‘रूट’ म्हणतात, आणि माझे रूट लवकरच सगळे वापरायला लागले. इतकी वर्षं शिकवलेली भूमिती कुठेतरी खऱ्या अर्थानं कामाला आली, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

आणि नियम. हे नीट ऐका, कारण सगळं यावरच आहे. गेममध्ये चुका असतात, बनवणाऱ्यांकडून राहिलेल्या. त्यांना ग्लिच म्हणतात. चौथ्या मजल्यावर वटवाघूळ धडकतं त्याच क्षणी उडी मारली, तर कंदीलवाला चक्क भिंतीतून आरपार जातो आणि अर्धा मजला वाचतो. ही फसवणूक नाही का? नवीन माणूस हेच विचारतो. मीही विचारलं होतं. तर नाही. गेम स्वतः जे करू देतो ते सगळं चालतं. चालत नाही ते बाहेरून केलेलं. खेळ एका दमात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कॅमेऱ्यासमोर झाला पाहिजे. टीव्ही दिसला पाहिजे, खेळणाऱ्याचे हात दिसले पाहिजेत, खोलीतला आवाज ऐकू आला पाहिजे. मध्ये कुठेही कापाकापी नाही. गेमला फसवा, माणसाला फसवू नका — ग्रंथपाल प्रत्येक नवख्याला हे सांगायचा. तोच व्हिडिओ तपासायचा.

आता आमची गल्ली. गल्लीत मराठी घरं बरीच. कुणाचे आजोबा रेल्वेत आले, कुणाचे बँकेत, आणि दोन-तीन घरं शिंद्यांच्या काळापासूनची. आमच्या खिडकीसमोर दत्ताचं छोटं देऊळ आहे. या देवळाची स्वतःची आरती आहे, दुसरीकडे कुठेही ऐकायला मिळायची नाही. गल्लीतल्याच एका हेडक्लार्कनं फार पूर्वी रचली. सात कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुवपद. यमकं अशी जुळवलीत की देवच सांभाळून घेत असेल. संध्याकाळी सातच्या ठोक्याला घंटा होते आणि आरती लाउडस्पीकरवर सुरू होते. महाकालला निघालेल्या ई-रिक्षांच्या गोंगाटातही ती कोपऱ्यापर्यंत ऐकू जाते, कारण म्हणणारा आवाज इंदूआत्यांचा.

इंदूआत्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नाहीत, म्हणून सगळ्या गल्लीच्या आत्या. देवळाला लागूनच, आमच्या समोर राहतात. संगीताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन जमाना झाला. तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या होत्या. आवाज अजून असा की चुकलेला सूर शोधायला भिंग लागावं. आणि आरती म्हणताना हातात कधी कागद नाही. डोळे मिटायचे, माइक धरायचा आणि सातही कडवी एकामागून एक. एकतीस वर्षं, आजारपणाचे दिवस सोडले तर रोज. सुट्टीत गल्लीतल्या मुलांना गाणी शिकवायच्या, गणेशोत्सवात दोन गाणी त्यांची ठरलेली. त्यांच्याबद्दल अजून एक गोष्ट मला माहीत होती — त्यांच्या आईला शेवटची काही वर्षं काहीच आठवत नव्हतं. पोटची मुलगीसुद्धा ओळखू येत नव्हती. आत्यांनी त्यांचं सगळं केलं. एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, “मरायची भीती नाही वाटत गं मंजू. आईसारखं होण्याची वाटते.” हे मला माहीत होतं. विसरू नका — मला हे माहीत होतं.

मी रोज संध्याकाळी सातला खेळायला बसायची. का? शाळा, वह्या, स्वयंपाकाची तयारी उरकून तीच वेळ हाती यायची. मग ती सवयच झाली, आणि सवयीची झाली श्रद्धा. देवळात घंटा झाली की माझं बटण दाबलं जाणार. अंगात भैरवगडचा तो ठशांचा लाल कुर्ता हवाच, तो घातला की हात चालतो असं मी ठरवून टाकलं होतं. गणिताची बाई, आणि असली खुळं! आमच्या गटात प्रत्येकाचं असं काही ना काही आहे, त्यामुळे मला कुणी हसलं नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. विक्रम त्या ब्राझीलच्या बसचालकाच्या नावावर होता, आणि माझी वेळ त्याच्यापेक्षा सहा सेकंदांनी मागे. सहा सेकंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मी सहा महिने त्या सहा सेकंदांच्या मागे होते. एका मंगळवारी पहिले सहा मजले असे खेळले की माझाच विश्वास बसेना. भिंतीतून पहिल्याच उडीत आरपार, एक पायरी चुकली नाही. आणि सातव्या मजल्यावर मूर्खासारखी खड्ड्यात पडले. गुरुवारी उलटं झालं. सुरुवातीलाच दोनदा पडले, विक्रम गेला तो गेलाच, म्हणून बिनघोर खेळले — आणि शेवटचे दोन मजले असे चढले, की तसे आजवर कुणीही चढलेलं नाही.

सहाव्या मजल्यानंतर कंदीलवाला बारा सेकंद झोपतो. पडद्यावर फक्त तो आणि चांदण्या, काही हलत नाही. आम्ही सगळे तेवढ्यात पाणी पितो.

तुमच्या लक्षात आलं ना?

रविवारी सकाळी, पोहे खाऊन, लख्ख उजेडात मी मंगळवारचे सहा मजले आणि गुरुवारचे दोन मजले त्या बारा सेकंदांत जोडले. क्षणिक मोह वगैरे म्हणायची सोय नाही, चांगले अडीच तास लागले. कुर्ता तोच, खिडकीतला उजेड तोच. खोलीतला आवाज? तिथेच तर नशिबानं हात दिला — नशीब म्हणायचं असेल तर. दोन्ही दिवशी कंदीलवाला झोपला तेव्हा देवळात ध्रुवपद चालू होतं. मंगळवारी चौथ्या कडव्यानंतरचं. गुरुवारी मी जवळजवळ मिनिटभर मागे होते, म्हणून पाचव्यानंतरचं. शब्द तेच, सूर तोच, झांजा त्याच. आत्यांची लय इतकी पक्की होती की दोन वेगवेगळ्या दिवसांचं ध्रुवपद एकमेकांवर ठेवलं तर तसूभर हललं नाही. त्यांच्या त्या पक्केपणावरच माझी चोरी उभी राहिली. जोडल्यावर मी पाच वेळा ऐकलं, कुठेही ठेच लागत नव्हती. चौथं कडवं, ध्रुवपद, आणि मग सहावं. पाचवं नव्हतंच. मला ते कळलंही नाही हो. मी रोज ऐकत होते, पण कडवी कधी मोजली नव्हती.

ग्रंथपालानं व्हिडिओ तपासला. आवाजाच्या रेघा काढून बघतो तो. आरतीच्या रेघा त्याला काय कळणार? पास केला. चार सेकंदांनी विक्रम माझा झाला. बसचालकानं सगळ्यात आधी अभिनंदन लिहिलं, आणि खाली लिहिलं की मागे गाणाऱ्या बाई कोण आहेत, असा आवाज मी ऐकला नाही. मग सगळ्यांनीच आत्यांबद्दल लिहिलं. मला महिनाभरात गटानं तपासनीस केलं. म्हणजे आता दुसऱ्यांच्या व्हिडिओतली कापाकापी मी पकडणार! कुंपणाच्या हाती शेत, दुसरं काय. दोघांचे व्हिडिओ मी नापासही केले, आणि वर नियम समजावून सांगितला. तेव्हा माझा आवाज जराही कापला नाही.

इथपर्यंतची चूक ही खोटेपणाची. ती वाईट आहे, पण ती माझी आणि तीस लोकांची. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

बाबांनी गल्लीत डांगोरा पिटला होता. रेल्वेत गार्ड होते ते, वेळेचं महत्त्व त्यांना कळतं, आणि मुलीनं जगात सगळ्यात कमी वेळ लावला म्हणजे काय, हे त्यांनी भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी आलं की मोबाइल मोठ्या टीव्हीला जोडायचा आणि व्हिडिओ लावायचा. मी नको नको म्हणायची, त्यांना तो विनय वाटायचा. एका दुपारी त्यांनी इंदूआत्यांना बोलावलं.

“या या इंदूताई, बैठो. आज तुम्हाला तुमचाच आवाज ऐकवतो. ब्राझीलवाले पण तारीफ करून राहिलेत, बोला आता!”

आत्या लाजल्या. खरंच लाजल्या, पदर नीट केला आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. गेमकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटून त्या स्वतःला ऐकत होत्या, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. स्वतःचा आवाज असा बाहेरून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. चेहऱ्यावर इतकं निवांत सुख होतं, की मला माझा विक्रम घटकाभर खराच वाटायला लागला. चौथं कडवं झालं. कंदीलवाला झोपला. ध्रुवपद झालं.

आत्यांची बोटं थांबली.

“मंजू, जरा मागे घे गं. पाचवं कुठंय? एकदम सहावं कसं चालू झालं?”

बाबांनी मागे घेतलं. परत तेच. तिसऱ्यांदा ऐकलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही — हो, हेच सांगायचंय — जराही संशयानं नाही. मला त्यातलं कळतं म्हणून मी सांगेन, असं पाहिलं. बाबाही माझ्याकडे बघत होते. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी काय कापलंय.

काय काय म्हणता आलं असतं! रेकॉर्डिंग अडकलं असेल. वीज गेली असेल. मोबाइलचं काहीतरी. दोघांनाही पटलं असतं, दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःचं यंत्र वाचवावंसं वाटतं. व्हिडिओत दोष आहे असं माझ्या तोंडून निघायलाच नको होतं. मग उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“तुम्हीच गाळलंत आत्या त्या दिवशी,” मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, थांबले नाही. पुढे म्हणाले, “मला तेव्हाच जाणवलं होतं. म्हटलं, कशाला बोलायचं.”

हे दुसरं वाक्य कुठून आलं? त्याची गरजही नव्हती. त्या वाक्यात मी साक्षीदार झाले, वर समजूतदारही झाले. गेली चार वर्षं मी ते वाक्य उलटसुलट करून बघते आहे, आणि दर वेळी ते माझंच निघतं.

बाबा म्हणाले, “अरे होतं हो इंदूताई, उमर का तकाजा आहे, मी पण चष्मा विसरतो.” आत्या हसल्या. उठताना खुर्चीचा हात धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आरतीला त्या वही घेऊन आल्या. सातही कडवी निळ्या शाईत, सुंदर अक्षरात, नंबर घालून. पाचव्याभोवती चौकट. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात कागद दिसला, आणि गल्लीनं तो पाहिला. मग एकेक सुटत गेलं. मुलांना गाणी शिकवणं बंद — “चुकीचं शिकवलं तर?” गणेशोत्सवातली दोन गाणी बंद. रामघाटावर एकट्या जाणं बंद, परतीचा रस्ता आठवला नाही तर काय घ्या! किल्ली पदराला, गॅस बंद केल्याची खूण कॅलेंडरवर. त्यांची मुलगी नागपूरला असते, ती येऊन त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, आणि म्हणाले, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. आत्यांना ते पटलं नाही. डॉक्टरांचा अंदाज असेल, पण इथे पुरावा होता. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तीन वेळा.

मी तेव्हा सांगितलं का? नाही. महिन्यानं? नाही.

दीड वर्षानं मी गटाला सांगितलं. पकडलं कुणीच नव्हतं. कोइंबतूरच्या दंतवैद्य बाईंनी एकदा सहज लिहिलं की मंजूताईंचा व्हिडिओ मी झोपताना लावते, त्यातल्या आरतीसाठी, आणि ते वाचून मला जेवण गेलं नाही. इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. कुठे कापलं, कसं जोडलं, सगळं. विक्रम काढून टाकला, तपासनिसाचं काम सोडलं. वर्षभराची बंदी झाली, ती मी पाळली. आणि लोक काय म्हणाले असतील? धाडस म्हणाले. प्रामाणिकपणा म्हणाले. बसचालकानं लिहिलं की तुमच्याबद्दल आदर वाढला. मी ते वाचून रडले, आणि खरं सांगायचं तर सुखानं रडले. ध्रुवपदामुळे सांधा लपला, हेही मी लिहिलं होतं. गाणाऱ्या बाईंचं पुढे काय झालं, हे लिहिलं नाही. त्यांच्यापैकी कुणी विचारलंही नाही, आणि आमच्या घरासमोर राहणारी बाई इंग्रजी पत्रं वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबांना सांगितलं की विक्रम मोडला. ते दोन दिवस हळहळले, मग म्हणाले, “चलो, था तो सही.”

बंदी संपल्यावर मी परत खेळायला लागले. आता नवव्या क्रमांकावर आहे, एका दमात, कॅमेऱ्यासमोर, आणि नववी असण्यात मला पहिली असण्यापेक्षा जास्त मजा येते. रूट अजूनही माझेच चालतात. दुपारी खेळते. संध्याकाळी सातला मला वेळ नसतो.

कारण संध्याकाळी सातला मी देवळात असते. वही हातात घेऊन. चार वर्षांपूर्वी, त्या वहीच्या दुसऱ्याच दिवशी आत्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “तू उभी राहशील का गं माझ्याजवळ? तुझ्या लक्षात येतं. आणि तू चारचौघांत बोलत नाहीस, शांतपणे सांगतेस.” मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? तेव्हापासून मी त्यांच्या डाव्या हाताला उभी राहते. वही उघडी धरते आणि प्रत्येक कडव्याला त्या नंबराखाली बोट ठेवते. आरती झाली की आम्ही पायरीवर बसतो. त्या मला सुरांतलं सांगतात, मी त्यांना वर्गातल्या गमती सांगते. घरी आई नाही माझ्या, खूप वर्षं नाही. दिवसभरातला तो अर्धा तास मला सगळ्यात आवडतो. आत्या गल्लीत सांगत फिरतात, “मंजू आहे म्हणून माझं निभतंय. सगी बेटी क्या करेगी, जेवढं ही करते.” परवा माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला स्वतःच्या हातानं शिवलेली झोळी दिली, वही ठेवायला. मी ती खांद्याला लावून शाळेतही जाते. छान दिसते.

मी त्यांना सांगेन का? हे वाचताना तुम्हाला वाटलं असेल की शेवटी मी समोरच्या घरी जाईन. मलाही दोनदा वाटलं. एकदा ओटा उतरले होते. सांगितलं तर त्यांचं मन त्यांना परत मिळेल, आणि पायरीवरचा माझा अर्धा तास जाईल. इतकं सोपं समीकरण आहे, आठवीतलं मूलही सोडवेल. चार वर्षं मी ते मांडून ठेवलंय आणि सोडवत नाही. आत्या आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत.

अजून एक आहे, तेवढं सांगते. आत्या वहीकडे बघत नाहीत. पहिल्या आठवड्यापासून माझ्या लक्षात आलंय. वही समोर असते, माझं बोट नंबराखाली असतं, आणि त्यांचे डोळे मिटलेले असतात. सातही कडवी नीट येतात. पाचवंसुद्धा, रोज. कागद फक्त माझ्या हातात असतो.

शेवटची घंटा झाली की त्या डोळे उघडतात, माइक बंद करतात आणि माझ्या मनगटावर हात ठेवून हळूच विचारतात, “काही सुटलं नाही ना गं आज?”

“नाही आत्या,” मी म्हणते, “आज काही सुटलं नाही.”

हे खरं असतं. त्या दिवशीही काही सुटलं नव्हतं. ते मी म्हणत नाही.